पाच दाणे

रविवारी दहा ते एक.
दाजी पेठेतल्या शाळेचा माडीवरचा वर्ग,
पत्र्याखाली अकरा मुलं
आणि एक पंखा, जो पाचवर फिरतो
किंवा फिरतच नाही.
फळ्यावर मी लिहितो:
चौकटीच्या कागदावर, रेघा जिथे छेदतात तिथे,
कुठलेही पाच बिंदू घ्या.
त्यांतल्या कोणत्या तरी दोघांचा मध्य
पुन्हा छेदावरच पडतो.
सिद्ध करा.

पुस्तकात उत्तरांची पानं नाहीत.
ती जूनमध्ये मीच फाडली
आणि कोपऱ्यावरच्या अंबव्वाला दिली,
शेंगाचटणीच्या पुड्यांना.
मागं उलटून बघायची खोड
मुलांपेक्षा मलाच जास्त होती.
हे गणित सोडवायला मला दोन रात्री लागल्या,
हे मी मुलांना सांगितलेलं नाही.

राघवेंद्र बिंगी पाच ठिपके देतो, पट्टी लावतो.
जमलं.
दुसरे पाच. जमलं.
"सर, जमतंय की ओ."
शंभरदा जमलं तरी ती सिद्धता नव्हे.
"मग कितींदा?"
मी खडू खाली ठेवतो.
गणितापेक्षा हा प्रश्न मोठा आहे
आणि तासाला अजून पाऊण तास आहे.

मौनिका वडनाल काही बोलत नाही.
सकाळी आईच्या विड्यांना दोरा बांधून आलीय,
बोटांना तंबाखूचा वास.
पंचवीस विड्यांचा एक कट्टा,
आणि कट्टा होत नाही त्या बाजूला.
उरलेलं बघायची तिच्या डोळ्यांना सवय.
वहीच्या समासात ती लिहिते,
आडवा आकडा, उभा आकडा:

सम, सम
सम, विषम
विषम, सम
विषम, विषम

मग त्याखाली, बारीक अक्षरात:
खोल्या चार, पाहुणे पाच.
एका खोलीत दोघांना झोपावंच लागणार.
आणि एकाच खोलीतल्या दोघांची बेरीज
आडवीही सम, उभीही सम,
निम्मी केली की काही सांडत नाही.

"चार खोल्या?" मागून कुणीतरी,
"आमच्यात एकीत सात झोपतेत."
सगळे हसले. तीही हसली.
मी हसलो नाही,
समासातल्या त्या चार ओळी परत वाचत होतो.

पुढच्या रविवारी तिनं सांगितलं:
नान्ना रात्रपाळीहून आले, विचारलं,
उत्तर किती आलं?
किती नाही, नान्ना. असणारच, एवढंच.
त्यांना पटेना.
मागावर सगळ्याला आकडा असतो,
धाग्यांना, धोट्यांना, दंडालाही.
मग त्यांनी चौकडीचा एक टॉवेल पसरला,
कडेला डाग पडून बाजूला काढलेला,
त्यावर ज्वारीचे पाच दाणे.
हलवले. पुन्हा हलवले.
चहा गार झाला.
मोडेना.

आणि मग, सर,
त्यांनी पाचातला एक दाणा उचलून खिशात टाकला.
उरलेले चार
एकाच चौकटीच्या चार कोपऱ्यांवर ठेवले
आणि म्हणाले, हे बघ, मोडलं.

मी खिडकीकडे पाहत राहिलो.
पाच का पुरतात ते मी विचारलं होतं.
चार का पुरत नाहीत
ते मी विचारलंच नव्हतं,
दोन्ही रात्री.

नोव्हेंबरात परीक्षा झाली.
सहा प्रश्न, तीन तास.
मौनिकाचा एक पूर्ण, एक निम्मा.
यादीत नाव नाही.
तिची आई म्हणाली, छाट.
कारखान्यात विडी नापास झाली की हाच शब्द,
आणि पान, तंबाखू, दोरा,
सगळं वळणारीच्या पदरचं.
मला काही बोलता आलं नाही.
निम्म्या प्रश्नाची पुरवणी तेवढी मागून घेतली.

परवा अंबव्वाकडून पावशेर चटणी आणली.
पुडी उलगडली तर माझंच पान,
तेलानं आरपार झालेलं,
दोन्ही बाजूंची अक्षरं एकमेकांत शिरलेली.
उजेडाला धरून शोधलं:
पाच का, ते होतं. तीन ओळीत.
चारांबद्दल काही नव्हतं.

भाकरी खाल्ली.
उद्या रविवार.
फळ्यावर लिहायचं ठरलंय:
आता चौकटी नुसत्या आडव्या-उभ्या नाहीत,
वरही रचल्यात, गठ्ठ्यातल्या चादरींसारख्या.
किती दाणे लागतील?
आणि एक कमी केला
तर कुठे ठेवाल?